इंग्रजी तुलनावाक्यातील न दिसणारे क्रियापद

‘सीमा रमेशपेक्षा वेगाने धावते’ हे मराठी वाक्य एकाच क्रियापदावर पूर्ण होते. ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय ‘रमेश’ या नामाला जोडले गेले की रमेशच्या धावण्यासाठी दुसरे क्रियापद योजण्याची गरज उरत नाही. इंग्रजीत याच आशयाच्या वाक्यात ‘दॅन’ या शब्दानंतर वरवर पाहता एखादे नाम किंवा सर्वनाम दिसत असले, तरी त्यामागे बहुधा एक संपूर्ण उपवाक्य असते, म्हणजे स्वतःचा कर्ता, स्वतःचे क्रियापद आणि स्वतःचा काळ असलेले वाक्य, ज्याचा बराचसा भाग बोलणारा गाळतो. अशा गाळण्याला व्याकरणात लोप म्हणतात. ‘सीमा रन्स फास्टर दॅन रमेश’ या वाक्याच्या शेवटी ‘डझ’ हे क्रियापद अध्याहृत असते. ते उच्चारले जात नाही, इतकेच. तुलनेच्या वाक्यांत मराठीभाषक विद्यार्थ्याचे क्रियापद चुकते ते बहुतेक वेळा या गाळलेल्या भागाचा विचार न झाल्यामुळे, आणि म्हणून ‘दॅन’ किंवा ‘ॲज’ नंतरचे उपवाक्य आधी मनात पूर्ण करून पाहणे हा योग्य क्रियापद निवडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

मराठीला ही रचना अगदीच परकी आहे असे मात्र नाही. ‘मला वाटले होते त्यापेक्षा पेपर सोपा निघाला’ किंवा ‘तो जेवढे मिळवतो त्याहून जास्त खर्च करतो’ अशा वाक्यांत तुलनेच्या दोन्ही बाजूंना क्रियापद असतेच. मराठीने नामाशी केलेली तुलना आणि उपवाक्याशी केलेली तुलना यांसाठी दोन वेगळ्या रचना ठेवल्या आहेत. इंग्रजीत ‘दॅन’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि त्यामुळे शिकणाऱ्याला दुसरे उपवाक्य सहज दिसत नाही. 

पहिला प्रश्न उपवाक्याच्या शेवटी येणाऱ्या सहायक क्रियापदाचा. सहायक क्रियापद म्हणजे मुख्य क्रियापदाला काळ, प्रश्न, नकार इत्यादींसाठी साहाय्य करणारे क्रियापद. तुलनेच्या दुसऱ्या भागात मुख्य क्रियापद पुन्हा उच्चारण्याऐवजी इंग्रजी भाषा त्याच्या जागी सहायक क्रियापद ठेवते, आणि कोणते ठेवायचे हे वाक्याचा पहिला भाग ठरवतो. पहिल्या भागात ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी रूप असेल तर दुसऱ्या भागात त्याच कुळातील रूप येते: ‘रमेश इज टॉलर दॅन आय ॲम’. पहिल्या भागात ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’ असे मोडल असेल, म्हणजे शक्यता, क्षमता किंवा कर्तव्य दाखवणारे सहायक क्रियापद असेल, तर तेच पुन्हा येते: ‘शी कॅन स्विम फर्दर दॅन आय कॅन’. पहिल्या भागात नुसतेच मुख्य क्रियापद असेल, सोबत कोणतेही सहायक क्रियापद नसेल, तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ यांना पाचारण करावे लागते: ‘शी सिंग्ज बेटर दॅन आय डू’.

याच ठिकाणी सर्वाधिक आढळणारी चूक होते. ‘शी सिंग्ज बेटर दॅन आय ॲम’ किंवा ‘माय ब्रदर वर्क्स हार्डर दॅन आय ॲम’ अशी वाक्ये एरवी चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या लेखनातही सापडतात आणि त्याचे कारण शिकवण्याच्या क्रमात आहे. शाळेत तुलना शिकवली जाते ती ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ या विशेषणांच्या तक्त्यापासून, आणि विशेषणाबरोबर ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ हीच क्रियापदे येत असल्याने तुलना म्हटले की ‘ॲम’ किंवा ‘इज’ असे समीकरण मनात घट्ट बसते. पुढे क्रियाविशेषणे आली, म्हणजे कोण कसा आहे याऐवजी कोण कसे काम करतो हे सांगण्याची वेळ आली, तरी ते समीकरण सुटत नाही. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या भागाचे स्वतंत्र वाक्य करून पाहावे. ‘आय ॲम सिंग’ असे कोणी म्हणत नाही. ‘आय सिंग’ म्हणतात, आणि ‘सिंग’ची जागा घेण्याचा अधिकार फक्त ‘डू’ला आहे.

‘हॅव’ या क्रियापदाकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण ते कधी मुख्य क्रियापद असते तर कधी सहायक. ‘ही हॅज रेड मोअर नॉव्हेल्स दॅन आय हॅव’ या वाक्यात ‘हॅज’ हे पूर्ण वर्तमानकाळाचे सहायक क्रियापद आहे, म्हणून दुसऱ्या भागात ‘हॅव’च यायला हवे आणि ‘डू’ तेथे चूक ठरते. ‘ही हॅज मोअर बुक्स दॅन आय डू’ या वाक्यात मात्र ‘हॅज’चा अर्थ ‘जवळ असणे’ असा असून ते मुख्य क्रियापद आहे, त्यामुळे ‘डू’ योग्य. ब्रिटिश वळणाच्या लेखनात येथे ‘हॅव’ही वापरतात आणि ते अशुद्ध नाही. ‘हॅज टू’ म्हणजे ‘करावे लागणे’ या अर्थी येणाऱ्या रचनेला मात्र ‘डू’च शोभते: ‘शी हॅज टू गेट अप अर्लियर दॅन आय डू’. वाक्याचे प्रश्नार्थक रूप करून पाहिले की हा भेद उघड होतो, कारण ‘हॅज ही रेड’ असा प्रश्न होतो, परंतु उठावे लागण्याविषयी विचारताना ‘डझ शी हॅव टू’ असेच म्हणावे लागते.

सहायक क्रियापदे एकापाठोपाठ दोन-तीन आली असतील तर सहसा पहिले पुरते. ‘शी हॅज बीन वर्किंग हिअर लाँगर दॅन आय हॅव’ येथे ‘बीन वर्किंग’ची पुनरुक्ती केल्याने अर्थ वाढत नाही, वाक्य मात्र जड होते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ‘ही ड्रोव्ह फास्टर दॅन ही शुड हॅव’ या वाक्यात पहिला भाग भूतकाळाचा आहे आणि ‘शुड’ला स्वतःचे भूतकाळी रूप या अर्थाने नसल्यामुळे भूतकाळातले कर्तव्य ‘शुड हॅव’नेच सांगता येते, तेथील ‘हॅव’ गाळले तर दोन भागांचा काळ जुळत नाही.

दुसऱ्या भागातील क्रियापदाचे कूळ पहिला भाग ठरवत असला, तरी त्याचे वचन आणि पुरुष दुसऱ्या भागातील कर्ताच ठरवतो. ‘द बॉइज स्टडी हार्डर दॅन देअर सिस्टर डझ’ आणि ‘द सिस्टर स्टडीज हार्डर दॅन द बॉइज डू’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. ‘एव्हरीवन एल्स’ हा कर्ता अर्थाने अनेकांना सामावून घेत असला तरी व्याकरणात एकवचनी आहे, म्हणून ‘शी अराइव्ह्ज अर्लियर दॅन एव्हरीवन एल्स डझ’. 

काळाच्या बाबतीत दुसरे उपवाक्य आणखी स्वतंत्र असते, आणि हा भाग सावकाश समजून घेण्याजोगा आहे. तुलना नेहमी एकाच वेळच्या दोन गोष्टींची असते असे नाही. पुष्कळदा ती एकाच व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या आजच्या आणि कालच्या स्थितीची असते. ‘कांदा गेल्या आठवड्यापेक्षा महाग आहे’ असे मराठीत म्हणताना आठवड्याला ‘पेक्षा’ लावून भागते, पण इंग्रजीत ‘ओनियन्स आर कॉस्टलियर दॅन लास्ट वीक’ असे लिहिले तर कांद्याची तुलना आठवड्याशी झाल्यासारखी दिसते. बोलण्यात हे खपते. काळजीपूर्वक लेखनात ‘ओनियन्स आर कॉस्टलियर दॅन दे वेअर लास्ट वीक’ असे दोन काळ दोन क्रियापदांनी दाखवावेत. ‘ती पूर्वीपेक्षा चांगले लिहिते’ याचे ‘शी राइट्स बेटर दॅन शी डिड’ किंवा, सवय तुटल्याचा अर्थ अभिप्रेत असल्यास, ‘दॅन शी यूज्ड टू’ असे होते. पहिल्या भागात ‘राइट्स’ आहे म्हणून दुसऱ्या भागात यांत्रिकपणे ‘डझ’ लिहिले तर ‘ती लिहिते त्यापेक्षा चांगले लिहिते’ असा निरर्थक मजकूर तयार होतो.

भविष्यकाळाची तुलना थोडी वेगळी वागते. ‘वुई विल रीच नाशिक सूनर दॅन यू विल’ हे शुद्ध आहे, परंतु दुसऱ्या भागातील घटनाही भविष्यातलीच असताना इंग्रजीत तेथे साधा वर्तमानकाळ सर्रास येतो, म्हणून ‘सूनर दॅन यू डू’ हेही तितकेच शुद्ध आहे. भविष्याची तुलना भूतकाळाशी असेल तेव्हा मात्र ही सवलत नाही: ‘शी विल स्कोअर मोअर धिस इयर दॅन शी डिड लास्ट इयर’.

‘द मोअर’ या जोडरचनेत काळाचा आणखी एक नियम पाळावा लागतो. ‘जितका सराव कराल तितके चांगले बोलाल’ या मराठी वाक्यात दोन्हीकडे भविष्यकाळ आहे आणि तो तसाच इंग्रजीत नेला जातो: ‘द मोअर यू विल प्रॅक्टिस, द बेटर यू विल स्पीक’. इंग्रजीत पहिला भाग अटीसारखा मानला जातो आणि अटीच्या भागात ‘विल’ येत नाही, म्हणून ‘द मोअर यू प्रॅक्टिस, द बेटर यू विल स्पीक’ असे लिहावे.

दोन भागांतील क्रिया वेगवेगळ्या असतील तेव्हा सहायक क्रियापदाने काम भागत नाही आणि पूर्ण क्रियापद लिहावे लागते. ‘ही स्पेंड्स मोअर दॅन ही अर्न्स’, ‘द जर्नी टुक लाँगर दॅन वुई एक्स्पेक्टेड’ ही अशी वाक्ये. त्यांत एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे: ‘अर्न्स’ आणि ‘एक्स्पेक्टेड’ या सकर्मक क्रियापदांना कर्म दिलेले नाही. ज्या परिमाणाची तुलना चालली आहे त्याची जागा इंग्रजी वाक्यात रिकामीच ठेवली जाते. ‘दॅन वुई एक्स्पेक्टेड इट’ असे म्हणून ती भरली की रचना मोडते. मराठीतील ‘जे’, ‘ते’ या संबंधी सर्वनामांच्या सवयीने ‘इट वॉज ईझियर दॅन व्हॉट आय थॉट’ असे लिहिण्याकडेही कल असतो. हे वाक्य समजते, बोलण्यात ऐकूही येते, परंतु प्रमाण लेखनात ‘व्हॉट’ अनावश्यक मानतात आणि ‘इट वॉज ईझियर दॅन आय थॉट’ एवढेच लिहितात.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे दुसऱ्या भागात कर्ताच दिसत नाही आणि क्रियापद थेट ‘दॅन’ला लागून येते. लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेतल्यास, जेवढ्यांना निमंत्रण होते त्याहून अधिक माणसे आली हे इंग्रजीत ‘मोअर गेस्ट्स केम दॅन वेअर इन्व्हायटेड’ असे सांगतात. येथे ‘वेअर’चा कर्ता कोण? ‘गेस्ट्स’ हेच नाम पहिल्या उपवाक्यात उच्चारलेले असून दुसऱ्यात मूक कर्ता म्हणून काम करते, आणि ते अनेकवचनी असल्याने ‘वेअर’ येते. अन्नाविषयी बोलताना हेच क्रियापद बदलते: ‘मोअर फूड वॉज कुक्ड दॅन वॉज नीडेड’, कारण ‘फूड’ इंग्रजीत मोजता न येणारे, म्हणून एकवचनी नाम आहे. मराठीभाषक लेखकाला ‘दॅन’ आणि ‘वॉज’ यांच्यामध्ये काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते आणि तो तेथे ‘इट’ घालून ‘दॅन इट वॉज नीडेड’ असे लिहितो. ते ‘इट’ काढून टाकावे आणि मूक कर्ता कोणता हे शोधून त्याच्या वचनाप्रमाणे क्रियापद ठेवावे. ‘दॅन इज नेसेसरी’, ‘दॅन वॉज एक्स्पेक्टेड’, ‘ॲज इज यूज्वल’ या रूढ रचना याच जातीच्या असून पुष्कळदा त्यांतील क्रियापदही गळून ‘दॅन नेसेसरी’, ‘दॅन एक्स्पेक्टेड’, ‘ॲज यूज्वल’ एवढेच उरते. 

आता ‘दॅन आय’ की ‘दॅन मी’ हा जुना वाद. रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात असा दंडक घातला की ‘दॅन’नंतरच्या सर्वनामाची विभक्ती अध्याहृत क्रियापदावरून ठरवावी, क्रियापद पूर्ण केल्यावर सर्वनाम कर्ता ठरत असेल तर ‘आय’, कर्म ठरत असेल तर ‘मी’. त्यानंतर तीनच वर्षांनी विल्यम वॉर्ड यांनी ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्ययाप्रमाणे शब्दयोगी अव्ययासारखेही वापरले जाते असे मांडले, आणि त्या दृष्टीने ‘दॅन मी’ निर्दोष ठरते. आजचे भाषाशास्त्र वॉर्ड यांच्याकडे झुकले आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या बृहद्‌व्याकरणात ‘टॉलर दॅन मी’ ही रचना सर्वसामान्य मानली आहे. परीक्षेत आणि औपचारिक पत्रव्यवहारात लाउथ यांची परंपरा मानणारे परीक्षक अजून भेटतात, म्हणून विद्यार्थ्याने ‘दॅन आय ॲम’ किंवा ‘दॅन आय डू’ असे क्रियापदासह लिहावे. त्याला कोणत्याही पक्षाची हरकत नसते आणि नुसत्या ‘दॅन आय’मधला अवघडलेपणाही त्यात नाही.

क्रियापद लिहिण्याचा आग्रह केवळ परीक्षेपुरता नाही. कित्येक वाक्यांत ते नसेल तर अर्थच दुभंगतो. ‘आय ट्रस्ट हिम मोअर दॅन यू’ या वाक्यातून बोलणाऱ्याचा विश्वास ‘तुझ्यापेक्षा त्याच्यावर’ अधिक आहे असाही अर्थ निघतो आणि ‘तू ठेवतोस त्यापेक्षा मी त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतो’ असाही. पहिला अर्थ ऐकणाऱ्याला दुखावणारा आहे, दुसरा नाही. ‘मोअर दॅन यू डू’ किंवा ‘मोअर दॅन आय ट्रस्ट यू’ असे क्रियापद स्पष्ट केले की संदिग्धता संपते. लोप ही इंग्रजीने दिलेली सोय आहे, सक्ती नव्हे, आणि जेथे दोन वाचने संभवतात तेथे ती नाकारणे हे लेखकाचे वाचकाशी असलेले कर्तव्य आहे.

महाराष्ट्रातील शालेय परीक्षांत तुलनेची वाक्ये एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलण्याचा प्रश्न परिचित आहे. तो बहुधा साच्यांच्या पाठांतरावर सोडवला जातो, आणि साचा पाठ असूनही क्रियापद बदलायचे राहून जाते, ही खेदाची गोष्ट आहे. कारण हा प्रश्न मुळात कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ तपासण्याची उत्तम संधी आहे. ‘पुणे इज वन ऑफ द लार्जेस्ट सिटीज इन इंडिया’ या वाक्यात कर्ता पुणे असल्याने ‘इज’ आहे. त्याचे ‘व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर ॲज लार्ज ॲज पुणे’ असे रूपांतर करताना कर्ता ‘सिटीज’ होतो आणि ‘आर’ अपरिहार्य ठरते. ‘नो अदर’ने सुरुवात केल्यास एकवचनी नामामुळे पुन्हा ‘इज’ येते: ‘नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज ॲज बिग ॲज मुंबई’. क्रिया असलेल्या वाक्यात शेवटचे सहायक क्रियापदही विसरू नये, जसे ‘नो अदर गर्ल इन द क्लास सिंग्ज ॲज वेल ॲज शी डझ’. ‘सर्वांत’ या अर्थाच्या वाक्याला अनुभवाची जोड असेल तर पूर्ण वर्तमानकाळ लागतो, म्हणून ‘मी आजवर खाल्लेला सर्वांत गोड हापूस’ हे ‘द स्वीटेस्ट अल्फान्सो आय हॅव एव्हर ईटन’ असे होते.

काही रचना तुलनेसारख्या दिसतात पण क्रियापदाच्या बाबतीत वेगळ्या नियमाने चालतात. ‘मोअर दॅन वन स्टूडंट वॉज ॲबसेंट’ येथे अर्थ अनेकांचा असूनही क्रियापद जवळच्या ‘वन स्टूडंट’कडे पाहून एकवचनी राहते. ‘द टीचर, ॲज वेल ॲज द स्टूडंट्स, इज प्रेझेंट’ येथे क्रियापद पहिल्या कर्त्याशीच जुळते. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे शब्द लॅटिनमधून आलेले तुलनावाचक असून त्यांच्यापुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते. ‘टू’नंतर उपवाक्य येत नाही, म्हणून ‘शी इज सीनियर टू मी’ एवढेच पुरे आणि तेथे ‘ॲम’ला जागा नाही. ‘प्रिफर’चेही तसेच: ‘ही प्रिफर्स वॉकिंग टू ड्रायव्हिंग’. ‘वुड रादर’च्या दोन्ही बाजूंना मात्र क्रियापदाचे मूळ रूप लागते, जसे ‘शी वुड रादर वॉक दॅन टेक अ रिक्षा’.

प्रत्यक्षात नसलेल्या स्थितीशी तुलना करताना, म्हणजे मराठीत ‘जणू’ म्हणतो तेव्हा, इंग्रजीत ‘ॲज इफ’ येते आणि क्रियापद एक पायरी मागच्या काळात जाते. ‘तो जणू मालकच असल्यासारखा बोलतो’ याचे ‘ही टॉक्स ॲज इफ ही वेअर द ओनर’. बोलणे वर्तमानातले आहे, पण मालकी खोटी आहे हे सांगण्यासाठी भूतकाळी रूप वापरले आहे, आणि औपचारिक लेखनात एकवचनी कर्त्यालाही ‘वेअर’च लावतात. ‘ॲज इफ ही हॅड सीन अ घोस्ट’ असे म्हटले की न घडलेली गोष्ट बोलण्याच्याही आधीच्या काळात ढकलली जाते. जे खरे असण्याची शक्यता आहे तेथे हे मागे जाणे टाळावे: आभाळ भरून आले असताना ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टू रेन’ हेच योग्य, कारण पाऊस खरोखरच येणार आहे असे बोलणाऱ्याला वाटते.

औपचारिक लेखनात कधीकधी सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, जसे ‘शुगरकेन नीड्स मोअर वॉटर दॅन डझ ज्वारी’. हा क्रमबदल प्रश्नाचा नव्हे, शैलीचा आहे, आणि दुसऱ्या भागातील कर्ता लांबलचक असताना तो विशेष उपयोगी पडतो: ‘शुगरकेन नीड्स मोअर वॉटर दॅन डू द ड्रायलँड क्रॉप्स ग्रोन ऑन द सेम सॉइल’ या वाक्यात ‘डू’ शेवटी टाकले असते तर वाचकाला त्याची फार वेळ वाट पाहावी लागली असती. कर्ता सर्वनाम असेल तर हा क्रम चालत नाही. ‘दॅन डझ ही’ असे कोणी लिहीत नाही, तेथे ‘दॅन ही डझ’ हाच क्रम राखावा.